मागच्या सीटवरचं वजन

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. यात पदरचं काही घातलेलं नाही. मी स्वतः तिथे होते.

साउथ डकोटा, ब्लॅक हिल्सच्या पायथ्याचं आमचं गाव. गेल्या फेब्रुवारीतला रविवार. भर दुपार.

माझी थोरली बहीण लोर्ना नोव्हेंबरात गेली. तिचा नवरा वेंडेल तेव्हापासून गॅरेजमधून बाहेर येईना.

त्यांची जुनी क्रूझर मोटरसायकल दोघांना घेऊन डोंगर चढताना धापा टाकायची. अर्ध्या वाटेवरून मागे फिरावं लागायचं. दर हिवाळ्यात वेंडेल तिला म्हणायचा, "यंदा इंजिनात मोठे पिस्टन बसवतो. तुला थेट माथ्यावर नेतो."

ते राहूनच गेलं.

आता बाहेर बर्फ पडत होता, आणि तो तेच काम करत होता. कुणासाठी, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मी कॉफी घेऊन आत गेले. तो इंजिनावर वाकला होता.

"जरा डावीकडे," तो म्हणाला.

मला वाटलं, मलाच सांगतोय.

पण छताला टांगलेला दिवा...

आपोआप डावीकडे वळला.

दार बंद होतं. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

"वेंडेल... हे काय?"

"लोर्ना आहे," तो वर न बघता म्हणाला. "बाईसाहेबांना अजून उजेड नीट धरता येत नाही बघ."

तो हसला. किती दिवसांनी! माझ्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला.

"मग हे काम संपवूच नकोस," मी बोलून गेले.

"वेडी आहेस का? शब्द दिलाय तिला."

एप्रिलमध्ये रस्ते मोकळे झाले. निघण्याआधी त्याने मागच्या स्प्रिंगा दोघांच्या वजनाला आवळल्या.

"अरे, एकटा आहेस. खड्ड्याखड्ड्यात उडशील," मी म्हटलं.

त्याने पाना खाली ठेवला आणि हेल्मेट चढवलं.

मी माझ्या गाडीतून मागे होते. तो सीटवर बसला, आणि मग...

मोटरसायकल मागून आणखी खाली दबली.

मागची सीट रिकामी होती. मी डोळे फाडफाडून पाहिलं.

नव्या इंजिनाने चढ सहज काढला. माथ्यावर वेंडेलने इंजिन बंद केलं.

करकर आवाज झाला... मागची बाजू वर आली.

"उतरलीस?" त्याने मान वळवून विचारलं.

ऊन कलेपर्यंत तो थांबला. "चल गं, बस आता," म्हणत राहिला. सीट दबली नाही.

उतरताना खड्ड्याखड्ड्यात मोटरसायकल मागून उडत होती. माझे डोळे भरून आले. पुढचं दिसेना.

नंतर तो दर रविवारी माथ्यावर गेला. एकटाच परत आला.

काल गेले, तर गॅरेजात इंजिन उघडलेलं. नवे पिस्टन जमिनीवर. तो जुने बसवत होता.

"हे काय चाललंय तुझं?"

"शब्द मोडतोय," तो म्हणाला. "निदान भांडायला तरी येईल."

मी त्याच्याशेजारी बसून राहिले.

अजून कुणी आलेलं नाही.