शनीचा घरजावई

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं. हमदमला कुणाला पटवायची हौस नाही. पण हे घडलं, आणि बोयसून गावाच्या वरच्या डोंगरात, जुन्या वेधशाळेत घडलं.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी रात्री एकदाचा बर्फ थांबला. तोवर रस्ता गाडला गेला होता. टेलिफोन मुका झाला होता.

वर दोघंच अडकलेले. आकाशाचे फोटो घेणारा हमदम, आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या रिसोलत ओपा; ओपा म्हणजे थोरली ताई.

खाली गावात हमदमच्या बायकोचे, मुनिसाचे, दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण.

जिवाची घालमेल लपवायला तो ओपांना शनीचा एक चिमुकला चंद्र दाखवत बसला. दोन फोटोंत जागा बदललेला एक ठिपका, एवढाच काय तो चंद्र.

“हा शनीच्या पोटचा नाही, ओपा. आपल्या वाटेनं चालला होता, शनीनं धरून ठेवला. शनीच्या पोटचे चंद्र एकीकडून फिरतात, हा उलटा.”

“म्हणजे घरजावई,” ओपा म्हणाल्या. “आणि सुटका?”

“आपलं आपण नाही होत. दुसरा कुणी मध्ये आला, तरच.”

ओपांनी भिंतीकडे पाहिलं आणि विषय बदलला.

हा चंद्र पहिल्यांदा, हमदमच्या आधी इथं फोटो घेणाऱ्या एर्गश आकांना दिसला होता. तीन हिवाळ्यांपूर्वी ते अशाच बर्फात पायी खाली निघाले. पोचले नाहीत. सापडलेही नाहीत.

आमच्याकडे निघणाऱ्यानं नानाचा एक घास चावून घ्यायचा. उरलेला नान भिंतीला टांगतात. तो खायला माणूस परत येतोच. एर्गश आकांचा नान अजून खिळ्याला होता. काढायचा कुणी?

पहाटे हमदम चालत निघाला. ओपांनी त्याच्यासाठी नान भाजून ठेवला होता. अंधारात हाताला जो लागला तो त्यानं चावला. दगडासारखा होता. पण ओपांचा नान म्हटल्यावर त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

तो उतार धरून चालत राहिला.

उजाडलं. आणि समोर… वेधशाळेचा घुमट.

वाट चुकलो असेन, म्हणून पुन्हा निघाला. उतारच होता. सगळा उतारच.

समोर… घुमट.

तिसऱ्या खेपेला बर्फात दुसरी पावलं दिसली. हमदम घुमटाकडे येत होता. ती पावलं घुमटाकडून खाली गेली होती.

ताजी होती.

ओपा दारातच उभ्या होत्या. हातात खिळ्यावरचा नान. त्यावर शेजारी शेजारी दोन घास तोडलेले. एक जुना, एक नवा.

“हा कुणाचा नान चावलास रे?”

“तुमचाच वाटला. तितकाच कडक होता.”

एरवी ओपांनी लाटणं उगारलं असतं. आज नाही.

तेव्हा हमदम पहिल्यांदा घाबरला.

त्यांनी टेबलावरचा अख्खा नान त्याच्या तोंडाशी धरला. “हा चाव. आणि मागे वळून बघू नकोस.”

या खेपेला उतार खालीच गेला. दुपार कलता कलता तो घरी पोचला.

मुनिसा बाळाला कुशीत घेऊन पडली होती. मुलगा.

“पुन्हा आलात?” ती म्हणाली.

“पुन्हा म्हणजे?”

“सकाळी येऊन गेलात ना. मी ग्लानीत होते, पण एवढं कळतं मला. नखशिखांत बर्फानं माखलेले. शेगडीजवळसुद्धा आला नाहीत. बाळाच्या कानात नाव सांगितलंत आणि चालते झालात. अहो, मला तरी सांगा काय ठेवलंत ते.”

हमदमनं तोंडाला आलं ते नाव सांगितलं. जाहोंगीर.

मुलगा आता शाळेत जातो. कान उत्तम आहेत; डॉक्टरांना दाखवलं. पण जाहोंगीर अशी हाक मारली की वळून बघत नाही.

“हट्टी आहे,” मुनिसा म्हणते. “बापावर गेलाय.”

तो कोणत्या नावाला ओ देईल, याचा हमदमला अंदाज आहे.

ती हाक त्यानं अजून मारलेली नाही.