दृश्य क्रमांक चौसष्ट

कंपनीची जागा बदलणार होती आणि नव्या जागेत निम्मीच कपाटं मावणार होती. म्हणून ज्यांचे चित्रपट कधी झालेच नाहीत अशा सगळ्या पटकथा एकदा वाचून काढायच्या, प्रत्येकीवर एक पान अभिप्राय लिहायचा आणि खालच्या चौकटीत 'ठेवावी' किंवा 'काढावी' एवढंच नोंदवायचं, असं वरून ठरलं. हे काम तिच्याकडे आलं. सतरा वर्षं ती इथे पटकथाच वाचत होती. शिवाय तिचे वडील जाऊन सात आठवडे झाले होते, आणि फारसं कुणाशी बोलावं लागणार नाही असं काहीतरी तिला द्यावं, एवढा चांगुलपणा वरिष्ठांकडे होता.

तळमजल्यावरची मागची खोली मिळाली. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत. गठ्ठे आणून देणारे गृहस्थ निवृत्तीला टेकले होते. सगळी कंपनी त्यांना कुलूपकाका म्हणायची, कारण चहाला गेले तरी ते कपाटाला कुलूप लावत आणि दोनदा ओढून बघत.

"ताई, आजचा माल," गठ्ठा ठेवत ते म्हणाले. "वरचं बाड जपून उघडा. उडणारा माणूस आहे त्यात."

"उडून जाईल म्हणता?"

"जाऊ दे की! तेवढंच एक कमी."

बाड सव्वीस वर्षांपूर्वीचं होतं. लेखकाचं नाव असलेलं पहिलं पान गळून गेलेलं. नायक विजेच्या खांबांवर चढणारा लाईनमन. त्याला जबर धक्का बसतो. मरायचं सोडून तो उडायला लागतो, आणि शहरात कुठेही कोणी मदतीला हाक मारली की ती त्याला ऐकू येते. 'दुसरी हाक मारायची पाळी मी कुणावर आणत नाही,' हे वाक्य तो साठ पानांत नऊ वेळा म्हणतो. तिने अभिप्रायात लिहिलं : 'नायकाला सगळे ऐकू येते, स्वतःचे संवाद तेवढे सोडून.' वाक्य बरं जमलं होतं. सात आठवड्यांत पहिल्यांदा तिला स्वतःचं काही बरं वाटलं.

त्रेसष्टाव्या दृश्यात लाईनमन एका रुग्णालयाच्या गच्चीवर उतरतो आणि कान टवकारतो. त्याच्याखाली एकच ओळ होती.

६४. वगळले.

यात नवल नव्हतं. दृश्यांचे क्रमांक एकदा पक्के झाले की ते हलवायचे नाहीत, हा या धंद्यातला दंडक. एखादं दृश्य काढलं तरी त्याचा क्रमांक जागच्या जागी ठेवायचा आणि पुढे 'वगळले' असं टंकायचं. नाहीतर कपडेपट वेगळंच दृश्य धरून बसतो आणि छायाचित्रण वेगळंच. सुधारलेली पानं रंगीत कागदावर काढायची, तीही ठरलेल्या क्रमाने. आधी निळी, मग गुलाबी, मग पिवळी, मग हिरवी.

नवल होतं ते पासष्टाव्या दृश्यात. नायक गच्चीवर बसलेला. दोन्ही हात कानांवर. आणि तिथून शेवटापर्यंत, चाळीस पानं, तो उडत नाही, कुणाला वाचवत नाही, बोलतही नाही. चौसष्टमध्ये काय झालं हे कळल्याशिवाय अभिप्राय लिहिणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून सही करणं. तसलं काम तिने कधी केलं नव्हतं.

"काका, काढलेली पानं ठेवलीत का हो यांची?"

"माझ्याकडून कागद जात नाही, ताई. माणसं जातात." आणि मग, काय बोलून गेलो हे लक्षात येऊन, त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघितलं. "आणतो."

पाकिटात एकच निळं पान होतं. तसं त्यांनी पाकिटावर पेन्सिलीने लिहिलंही : पान १, आणि तारीख.

'६४. अंतर्गत. रुग्णालयातली खोली. दुपार. एक वृद्ध पलंगावर. शेजारच्या खुर्चीवर बशीत मोसंबं, अर्धं सोललेलं. मुलगी उठते. मुलगी : आलेच हं बाबा, दोन मिनिटांत. जाते. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं.'

पान तिथेच संपत होतं.

तिने ते पालथं घातलं. रुग्णालयाच्या खोल्या सगळीकडे सारख्याच. मोसंबं कुठल्या आजाऱ्याच्या उशाशी नसतं? बाहेर जाणारं माणूस दोन मिनिटांत येते असंच म्हणतं. हे सगळं तिने स्वतःला नीट, क्रमवार सांगितलं. घड्याळाचं मात्र काही सांगता येईना.

दुपारी दादाचा फोन आला. तो रोजच यायचा. दादा इतका लांब राहायचा की त्याची सकाळ म्हणजे तिची दुपार. निरोप मिळून, दोन विमानं बदलून तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"जेवलीस का, पावशेरबाई?"

पावशेर हे बाबांनी ठेवलेलं नाव. जन्मली तेव्हा अगदीच मूठभर होती म्हणून. बाबा तराजूकाटे दुरुस्त करायचे. जगातल्या बहुतेक गोष्टी त्यांनी वजनावरच ओळखल्या. दुसरं कुणी तिला त्या नावाने हाक मारत नसे. दादासुद्धा मारायचा तो चिडवायलाच.

"जेवले. तू?"

"हं. ऐक ना. शेवटी काही म्हणाले का गं ते? मी रोज विचारतो, तुला कंटाळा आला असेल."

"काही नाही रे. झोपेतच गेले. मी हात धरून होते."

"तू होतीस म्हणून मला झोप लागते बघ. एकटे नव्हते, एवढं पुरे."

ती हात धरून नव्हती. ती परत आली तेव्हा तीन वाजून एकवीस मिनिटं झाली होती आणि बाबा गेलेले होते. नर्सबाई म्हणाल्या, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल, झोपेतच गेले. पण नर्सबाई मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाला होत्या आणि खोलीचं दार लावलेलं होतं. त्या अकरा मिनिटांत तिथे काय झालं, हे सांगणारं जगात कुणी नव्हतं. तिला तेवढंच हवं होतं. झोपेतच गेले का? बाकी आयुष्यभर दादाशी खोटं बोलायची तिची तयारी होती, पण हे एवढं तरी खरं निघावं.

दुसऱ्या दिवशी कुलूपकाका पाकीट घेऊन आले ते दारातच उभे राहिले.

"ताई, तुम्ही यात काही घातलंत का?"

"नाही. का?"

"काल एक पान होतं. मी लिहिलंय." त्यांनी पाकीट उलटं केलं. निळ्यावर एक गुलाबी. "कपाटाला कुलूप होतं. किल्ली माझ्या गळ्यात. रात्री मी ती काढतसुद्धा नाही, आमची ही हसते मला."

"चिकटलं असेल एकमेकांना."

"असेल," ते म्हणाले. पण पेन्सिलीने २ लिहिताना त्यांनी पाकीट टेबलाच्या कडेवर टेकवलं नाही, हवेतच धरलं.

गुलाबी कागद जुना होता, कडा पिवळ्या पडलेल्या.

'६४. पुढे चालू. नायक खिडकीबाहेर, अधांतरी. वृद्ध जागा आहे. उशीखाली हात घालून पितळेचं एक लहान वजन काढतो, मुठीत धरतो. दाराकडे बघतो. हाक मारतो. नायक काचेला हात लावतो, पण आत जात नाही. हाक त्याला नाही.'

पितळेचं पन्नास ग्रॅमचं वजन तिने स्वतः बाबांच्या मुठीतून सोडवलं होतं. बोटं अजून मऊ होती. ते तिच्या पर्समध्ये होतं, चष्म्याच्या घरात. घरी कुणाला दाखवलं नव्हतं.

तिने पान पुन्हा वाचलं. 'वृद्ध जागा आहे.' बस, एवढंच. सव्वीस वर्षांपूर्वी कुणीतरी बोटांनी एक एक अक्षर दाबून टंकलेलं.

"काका, हे लिहिलं कुणी?"

"पहिलं पानच नाही ना त्याला. आणि चित्रपट का नाही झाला तेही लिहिलेलं नाही कुठे. बाकी सगळ्यांचं आहे." त्यांनी खिशातून सुतळी काढली. "चौकटीत 'काढावी' लिहा आणि मोकळ्या व्हा. मी आजच बांधून टाकतो."

ते तिला जमलं असतं. पेन उघडंच होतं. पण दृश्य अजून संपलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पिवळं पान होतं. कुलूपकाकांनी आकडा लिहिला नाही. पाकीट टेबलावर ठेवलं आणि निमूटपणे निघून गेले. जाताना कपाटाला कुलूप लावायचंही विसरले.

'६४ अ. रुग्णालयाचा जिना. दुसरा मजला. मुलगी पायरीवर बसून पुस्तक वाचते आहे. शेवटची बारा पानं उरली आहेत. नायक तिच्यासमोर उभा राहतो. नायक : जा. ती वाचते आहे. नायक ओरडतो. जिन्याचे गज थरथरतात. मुलगी पान उलटते.'

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. औषध आणायला गेले होते, असं नर्सबाईंना सांगितलं. दादाला तर तेही नाही. तीन रात्री ती रुग्णालयात होती, आणि त्या दुपारी बाबांना जरा बरं वाटत होतं, आणि पुस्तकाची बारा पानं उरली होती. खोलीत वाचायला बसलं की बाबा विचारायचे, काय चाललंय त्यात, सांग ना. म्हणून ती जिन्यात जाऊन बसली. एवढंच. खुनी कोण हे कळल्यावर तिने पुस्तक मिटलं, पदर झटकला आणि वर आली.

जिना थरथरल्याचं तिला आठवत नव्हतं. कितीही आठवलं तरी आठवत नव्हतं.

चौथ्या दिवशी कुलूपकाका आलेच नाहीत. अंगात कणकण आहे, असा त्यांचा निरोप होता. कपाट उघडंच होतं. पाकीट तिने स्वतः काढलं. ते जाड झालं होतं.

हिरवी पानं. तिने ती मोजली, आणि मोजून झाल्यावर हात टेबलाखाली घेतले. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पानं अकरा होती.

पहिल्या पानावर वर '६४' होतं. त्याखाली स्थळ नाही, काळ नाही. ओळीखाली ओळ, एकच शब्द.

पावशेर.

पावशेर.

पावशेर.

पान भरून. दुसरं पान भरून. तिसऱ्यावर ओळींमधलं अंतर वाढत गेलं होतं. सातव्यावर शब्दाची शेवटची अक्षरं पुसट होती, जणू टंकणाऱ्याच्या बोटातला जोर सरत चालला होता. अकराव्या पानावर तो शब्द तीनदाच होता, आणि तिसऱ्यांदा अर्धाच.

त्याच्याखाली काही नव्हतं.

तिला रडू आलं नाही. उठून त्या खोलीत जावं, दार उघडावं, असं काहीतरी पायांना वाटत होतं. पण पाय ज्या खोलीकडे निघाले होते तिथे आता दुसराच कुणी रोगी असणार.

फोन वाजला. दादा.

"जेवलीस का?"

"दादा, मला तुला काही सांगायचंय. मधे बोलू नकोस. मी तिथे नव्हते. बाबा गेले तेव्हा. जिन्यात बसले होते, पुस्तक वाचत. अकरा मिनिटं. ते झोपेत नाही गेले रे. ते..."

"एक मिनिट," दादा म्हणाला. "थांब जरा. मला तुझं काही ऐकू येत नाहीये. मागे कोण आहे?"

"कुणी नाही."

"असं काय करतेस? कोणीतरी हाक मारतंय तुला."

तिने खोलीकडे बघितलं. टेबल. रिकामी खुर्ची. खिडकीतली भिंत. पंखासुद्धा बंद होता.

"इथे मी एकटीच आहे, दादा."

"अगं, चांगलं स्पष्ट ऐकू येतंय. कोणी म्हातारं माणूस दिसतंय. केव्हापासून हाका मारतायत बिचारे." तो ओशाळं हसला. "आधी ओ दे त्यांना. मग बोलू आपण."

"काय म्हणतायत?"

दादाचा श्वास ऐकू येत होता, आणि तो श्वास बदलला.

"दादा, काय म्हणतायत?"

"ओ दे," तो हळूच म्हणाला. "तू आधी ओ दे."

"ओ," ती म्हणाली.

खोलीत काहीही हललं नाही.

"मोठ्याने."

"ओ! ओ, बाबा!"

मार्गिकेत कुठेतरी दार उघडलं, पावलं आली. शेजारच्या विभागातली कारकून बाई डोकावली, हिचं तोंड बघितलं आणि दारातच थांबली.

"दादा? आता?"

बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला.

"नाही गं," दादा म्हणाला. "अजून मारतायत."