लांब तुकड्याची जागा

"सेल तेवढे काढू नका हं," एवढं एकच तिने बजावलं होतं, आणि त्याने नेमकं तेच केलं.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या हाताला सवयच ती. काहीही उघडायचं तर आधी सेल बाहेर. तळहातात मावणारा जुना गेम होता तो. वरून तुकडे पडायचे, ते फिरवून ओळी भरायच्या. ओळ भरली की नाहीशी. फिरवायचं बटण अडकत होतं. त्याने ते साफ केलं, सेल परत घातले... आणि तिच्या विक्रमाच्या जागी एक भलंमोठं शून्य आलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टातलं काम आटोपून ती दुकानात आली.

"बटण चालतंय," तो म्हणाला. "पण तुमचा आकडा गेला. चूक माझी."

"नव्वद हजार होते! चार वर्षं लागली मला."

"नवा गेम आणून देतो."

"गेम घेऊन काय करू? आकडा आणून द्या." मग ओठ दाबून हसत म्हणाली, "तुम्हीच खेळा. मी रोज येऊन बघेन. तुमचा काय भरवसा!"

पहिल्या दिवशी त्याचे सहाशे झाले.

"सहाशे? घड्याळात एवढेसे काटे बसवता, आणि हे जमत नाही?"

"काटे वरून पडत नाहीत हो."

"तुम्ही दिसेल ती फट बुजवत सुटता. हे बघा, कडेची एक रांग मोकळी ठेवायची. लांब तुकड्यासाठी."

"आणि तो आलाच नाही तर?"

"येतो. उशिरा येतो, पण येतो."

हे सांगताना तिचा अंगठा बटणावरच्या त्याच्या अंगठ्यावर होता. पुढचे तीन तुकडे कुठे पडले ते त्याला कळलंच नाही.

आठवडे गेले. काउंटरपुढे तिच्यासाठी एक स्टूल आलं. ती यायच्या सुमाराला तो उगाचच काच पुसू लागला. आकडाही वाढत गेला, आणि एके दिवशी ती शेजारी उभी असताना नव्वद हजाराला फक्त एक लांब तुकडा कमी राहिला.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं — हा आकडा झाला की ती गेम पर्समध्ये टाकणार आणि जाणार. मग उद्या कशाला येईल?

लांब तुकडा आला. बरोबर मोकळ्या रांगेवर. त्याने तो आडवा टाकला. बघता बघता खेळ संपला.

"अरेरे... गेला," तो म्हणाला.

"मुद्दाम हरलात ना?"

"नाही हो, ते बटण —"

"बटण तुम्हीच दुरुस्त केलंय."

त्याने गेम काउंटरवर ठेवला. मग मान खाली घालूनच सांगितलं, "आकडा झाला तर तुम्ही यायच्या बंद व्हाल... म्हणून."

"म्हणजे इतके दिवस मी त्या आकड्यासाठी येतेय, असं वाटलं तुम्हाला?" तिने गेम उचलला, बघितला, आणि परत त्याच्या हातात दिला. "राहू दे इथेच. आणि मला आता अहो-जाहो पुरे."

त्याच्या चाळिशीत लग्न झालं, पुढे सव्वीस वर्षांचा संसार झाला. त्यात तिने आपला जुना विक्रम मोडून एक लाख बारा हजार केले आणि आल्यागेल्याला ते ऐकवले. गेल्या वर्षी ती गेली.

परवा गेमचा पडदा फिका पडला. त्याने नवे सेल आणले. आधी बारीक तारांनी ते जोडून घेतले, मग जुने काढले. ही युक्ती तो तिच्यासाठीच शिकला होता. एक लाख बारा हजार जागच्या जागी राहिले.

मग तो खेळायला बसला. एक लाख अकरा हजारांवर लांब तुकडा आला, तसा त्याने तो आडवा टाकला.

"हरलो बघ," तो रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाला आणि स्वतःशीच हसला. हे मुद्दाम होतं, हे तिने लगेच ओळखलं असतं. आपल्याला असं ओळखणारं कुणीतरी आयुष्यात आलं होतं. उशिरा आलं, पण आलं.

त्याने काच पुसली आणि दुकान उघडलं.