पांढऱ्या दोऱ्याची बीडी

फोन आला तेव्हा रज्जाकनं नुकतंच गॅसवर दूध ठेवलं होतं. अकोल्याच्या दवाखान्यातून कुणी बाई बोलत होती. तिनं त्याच्या बायकोचं, जुबेदाचं, पूर्ण नाव दोनदा विचारून घेतलं आणि मग म्हणाली, "पेशंट पहाटे गेल्या." रज्जाक म्हणाला, "बरं." असं कुणी म्हणतं का? पण तोंडातून तेवढंच निघालं.

फोन हातात धरून तो खाटेवर बसून राहिला. किती वेळ, ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. दार ढकलून त्याचा दोस्त देवमन आत आला तो नाकाला रुमाल लावूनच.

"अबे रज्जाक, दूध जळून कोळसा झालं! गल्लीभर वास सुटला अन् तू इथंच बसून?"

रज्जाकनं वर पाहिलं. स्वयंपाकघरातून काळा धूर येत होता. धूर दिसत होता, पण वास... वास काहीच नव्हता. आधी त्याला ताप आला होता, मग जुबेदाला. तो उठला, ती उठली नाही. आणि उठताना त्याचं नाक गेलं होतं, हे त्याला त्या सकाळी कळलं.

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलं नाही. त्यानं ते दुसऱ्या कुणालाही सांगितलं नाही. लोक जुबेदासाठी रडायला येत होते, त्यांच्यापुढं नाकाचं रडगाणं कुठं गायचं? पुढं वर्षं गेली आणि मग सांगायची वेळच निघून गेली.

एरवी हे लपून राहिलंही असतं. पण वाशीमच्या बाजारात रज्जाकचं तंबाखूचं दुकान होतं आणि त्याच्या नाकाची ख्याती होती. तंबाखूची चिमूट नाकाशी नेली की माल निपाणीचा की गुजरातचा, यंदाचा की मागच्या साली दाबून ठेवलेला, हे तो डोळे मिटून सांगायचा. त्याच्या एका शब्दावर आजूबाजूच्या गावचे दुकानदार पोतं उचलायचे नाहीतर परत पाठवायचे.

त्यातून त्यांचा शुक्रवारचा खेळ जमला होता. जुम्याची नमाज झाली की दुकानाच्या मागच्या अंगणात चार-पाच शौकीन बसायचे. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर देवमन, शेतकरी ग्यानबा, आणखी कुणी येईल तो. प्रत्येकानं कुठली तरी बीडी आणायची. बीडीचा कारखाना तिच्या दोऱ्याच्या रंगावरून ओळखू येतो, लाल, हिरवा, गुलाबी. म्हणून खेळात नसलेल्या एका माणसानं सगळ्या बिड्यांचे दोरे कापायचे आणि त्यांना नव्यानं पांढरा दोरा बांधायचा. मग बीडी कुणाची, कुठल्या पानाची, कुठल्या तंबाखूची, ते ओढून सांगायचं. शेवटचा शब्द रज्जाकचा.

नाक गेल्यावरही तो शब्द रज्जाकचाच राहिला. कारण तो राख पाहायला शिकला. कुठल्या तंबाखूची राख पांढरी पडते, कुठली काळी राहते, कुठलं पान चटचट वाजतं, कुठला धूर घशाला ओरखडा काढतो... यावर तो अंदाज बांधायचा आणि बहुतेक वेळा बरोबर ठरायचा.

पांढरे दोरे आधी जुबेदा बांधायची. तिच्यानंतर देवमनची बायको भागिरथाबाई. भागिरथाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि एका शुक्रवारी तिनं आपल्या शेजारणीला पाठवलं.

अंगणाच्या दारात सूप घेऊन एक बाई उभी राहिली. डोक्यावर निळी ओढणी, बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी पडलेली.

"भागिरथामावशीनं धाडलं," ती म्हणाली. "बिड्याचे कपडे बदलाचे हायेत म्हणे."

ग्यानबा खो-खो हसला. रज्जाकला हसू आलं, ते त्यालाच नवं वाटलं.

ती शाजिया. माहेर रिठदचं, त्यामुळं बोलणं पक्कं वऱ्हाडी. नवऱ्यापासून खुला, म्हणजे बायकोनं मागितलेला तलाक, घेऊन ती भाऊ तनवीरकडं राहायला आली होती आणि घरबसल्या बिड्या वळायची. ती भिंतीच्या सावलीत बसली. मांडीवर सूप घेतलं, दातात दोरा धरला आणि भराभर गाठी मारू लागली. मध्येच मान वर करून म्हणाली, "एवढे बाप्ये बसून एक बीडी ओळखत नाई? आमी तं अंधारात हात लावून सांगतो कोणी वळली ते."

"मंग तुमीच बसा पंच म्हणून," देवमन म्हणाला.

"नाई बावा. मी वळतो, ओढत नाई. हलवायी कोठी पेढे खाते?"

बोलता बोलता तिनं रज्जाकला बीडी दिली. त्यानं ती पेटवली. शाजियाच्या कपाळावर केसांची एक बट आली होती. हात गुंतलेले, म्हणून ती फुंकर मारून ती बट उडवायचा प्रयत्न करत होती. बट उडायची आणि पुन्हा तिथंच येऊन बसायची...

"काय रे रज्जाक? सांग ना!" ग्यानबा म्हणाला.

रज्जाक दचकला. बीडी अर्ध्यावर आली होती. राख केव्हाच खाली पडली होती. त्यानं घाईघाईनं सांगून टाकलं, "निपाणीचा माल. जुना. चांगला दाबून ठेवलेला."

"वाऽ!" देवमन म्हणाला. "याले म्हणते नाक!"

शाजियानं एकदम ओढणी तोंडावर घेतली. तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानाच्या पायरीवर आली. गिऱ्हाईक नव्हतं. चेहरा गंभीर, डोळे मात्र नाचत होते.

"रज्जाकभाई, कालची निपाणी कशी होती?"

"काहून?"

"थे चहापत्ती होती."

रज्जाकनं हातातलं वजन पारड्यात ठेवलं.

"आमच्या भाभीले बीडी वळनं शिकवून राह्यली मी. शिकताना तंबाखू कोन वाया घालवते? उकळलेली चहापत्ती वाळवतो अन् भरतो. थ्यातली एक सुपात राह्यली असन, तीच तुमच्या हातात गेली. तुमी बोलले, निपाणी! जुना माल! मले तं हसून हसून..."

ती थांबली. रज्जाक हसत नव्हता.

"माफ करा," ती हळूच म्हणाली. "मी मजाक केली."

"तुमी नाई चुकल्या." तो खाली बघत म्हणाला. "मले वासच येत नाई. कशाचाच."

"कवापासून?"

"जुबेदा गेली त्या दिवसापासून."

हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच कुणापुढं उच्चारलं होतं. शाजिया "अरे अरे" म्हणाली नाही, "अल्लाची मर्जी" म्हणाली नाही. पायरीवर बसली. मग म्हणाली, "कोणाले मालूम हाये?"

"कोणालेच नाई. मालूम झालं तं या दुकानात कोन येईन? अन् या लोकायले काय तोंड दाखवू?"

"मंग तुमी पारखता कसे?"

"राख पाहून."

शाजियानं मान तिरकी केली. "हो का? मंग काल राख काहून नाई पायली? चहापत्तीची राख तं काळीकुट्ट असते."

रज्जाकनं काउंटरवरचं फडकं उचललं आणि स्वच्छ असलेली काच पुसू लागला.

शाजिया त्याच्याकडं पाहत होती. मग तिला कळलं आणि तिचे कान लाल झाले. ती उठली, ओढणी सारखी केली आणि चार पावलं जाऊन परत वळली.

"पुढच्या शुक्रवारी मी तुमच्या पाठीमागं बसीन," ती म्हणाली. "तुमाले राख पाहाले बरं पडन."

पण ती मागं बसली नाही, आणि त्यानंही बसू दिलं नाही.

त्यानंतर शाजिया काही ना काही कारणानं दुकानात यायची. कधी दोरा संपला म्हणून, कधी कैचीला धार लावायला कुठं देऊ विचारायला. रज्जाकला वास येत नाही, म्हणून ती त्याला वास सांगायची. "आज तुमच्या दुकानात ओल्या पोत्याचा वास येऊन राह्यला, पोतं उन्हात टाका." किंवा, "समोरच्या हॉटेलात कांदा जळून राह्यला. जाऊ नका तिथं." तो ऐकायचा आणि त्याला ते सगळे वास थोडेथोडे आल्यासारखे वाटायचे.

"अन् तुमच्या ओढणीले?" एकदा त्यानं विचारलं. विचारलं आणि घाबरला.

"तंबाखूचा," ती म्हणाली. "दुसरा कोन्ता येईन? ...सकाळी साबनाचा होता, तवा नाई इचारलं तुमी."

अशात रिसोडहून निरोप आला. तिथं रविकांत नावाचा बिडीपत्त्याचा ठेकेदार होता, त्याचीही अशीच मंडळी जमत होती. रविकांतनं सांगून पाठवलं होतं, की येत्या शुक्रवारी आम्ही वाशीमला येतो, आमच्या बिड्या आणतो, तुमच्या रज्जाकनं ओळखून दाखवाव्यात. हरेल त्यानं सगळ्यांना जेवण द्यायचं.

देवमननं तर बाजारभर सांगितलं. रज्जाकची झोप उडाली. रिसोडच्या ओळखीच्या नसलेल्या बिड्या नुसत्या राखेवर ओळखणं अशक्य होतं.

"मी बांधीन दोरे," शाजिया म्हणाली. "गाठ डावीकडं असली तं निपाणी. उजवीकडं असली तं गुजरात. दोन गाठी असल्या तं मिलावट. दोरे कापताना मले रंग दिसनच ना."

"हे बरं नाई, शाजिया."

"बरं तं नाई. पन तुमाले हरताना पाहनं मले जमनार नाई." त्या वेळी ती त्याला भाई म्हणाली नव्हती, हे दोघांच्याही लक्षात आलं.

शुक्रवारी अंगण भरलं. रविकांत पांढऱ्या शर्टात, पाय पसरून बसला. शाजियानं पहिली बीडी दिली. गाठ डावीकडं. रज्जाकनं ओढली. "निपाणी." बरोबर. दुसरी. गाठ उजवीकडं. "गुजरात." बरोबर. लोक हुरळून गेले. रविकांतनं पाय आवरून घेतले.

देवमनला राहवेना. तो उठून उभा राहिला.

"पाह्यलं का रिसोडकर? आमच्या रज्जाकवर काय काय नाई गुदरलं! जुबेदावहिनी गेली, घर रिकामं झालं... पन गड्याचं नाक नाई गेलं!"

सगळे टाळ्या वाजवत होते. शाजियानं तिसरी बीडी पुढं केली. तिला दोन गाठी होत्या. रज्जाकनं ती घेतली, बोटात फिरवली. पेटवली नाही. सुपात परत ठेवली.

"गेलं, देवमन," तो म्हणाला. "दोन्ही एकाच दिवशी गेले."

अंगणात कुणाला काही समजेना.

"मले कशाचाच वास येत नाई. दूध जळलं त्या दिवशी तू सांगतलं म्हणून कळलं. तवापासून मी अंदाजानं सांगून राह्यलो. अन् आज तं अंदाजबी नाई, चोरी हाये."

"गाठी म्या मारल्या," शाजिया पटकन म्हणाली. "त्याहिनं नाई सांगतलं. म्याच."

देवमन तसाच उभा होता. त्याचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला.

"म्हंजे हरामखोरा," तो म्हणाला, "इतके वर्षं माह्या चांगल्या चांगल्या बिड्या तू फुकट जाळल्या?"

पहिला हसला तो रविकांत. मग ग्यानबा. देवमन मात्र हसला नाही. तो रज्जाकशेजारी येऊन बसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "एकट्यानंच वागवलं तू," तो म्हणाला. "मले तरी सांगाचं ना बे." रज्जाकनं मान हलवली.

पंचाचं काम ग्यानबाकडं गेलं. दुकान काही बंद पडलं नाही. दुकानदार येतात, तंबाखूची चिमूट स्वतःच हुंगतात आणि वास कसा आहे ते रज्जाकला सांगतात.

जेवण मात्र द्यावं लागलं. ते देवमनच्या घरी झालं. भागिरथाबाईनं वांग्याची भाजी केली, शाजियानं भाकरी थापल्या. पंगत उठल्यावर ती हात धुवायला रांजणाशी आली. रज्जाक तिथं उभाच होता.

"भाजी कशी होती?" तिनं विचारलं.

"तिखट कळते. मीठ कळते."

"तेवढं बस झालं."

"शाजिया..." तो थांबला. मग एका दमात म्हणाला, "मले शब्द जमत नाई. तू आली की दिवस बरा जाते. नाई आली की मी रस्त्याकडं पाहत बसतो. माह्याशी निकाह करशीन का?"

तिनं हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिली.

"जुबेदाआपाच्या अम्मी हायेत ना?" तिनं विचारलं.

"हायेत. जऊळक्याले असतात. दर ईदीले फोन करतात. मले बेटाच म्हणतात."

"मंग पह्यले त्याहिले सांगा. समोर बसून. बाजारातून त्याहिच्या कानावर गेलेलं मले नाई चालनार." तिनं वर पाहिलं. डोळे भरले होते आणि ती हसत होती. "त्याहिनं हो म्हटलं, नाई म्हटलं, रडल्या, काईबी होवो. तुमी सांगून या. मंग मी सांगीन."

"नाई म्हनशीन का?"

"आधी जाऊन तं या..."

ही गोष्ट देवमनला ठाऊक आहे. तनवीरलाही आहे, त्याची काही हरकत नाही. शाजिया दर शुक्रवारी दोरे बांधायला येते आणि रज्जाकसमोरच बसते. विचारत नाही. एकदा रज्जाक सकाळच्या गाडीचं तिकीट काढून फलाटावर उभा राहिला होता. गाडी आली आणि गेली. अम्मींपुढं बसून पहिला शब्द कोणता बोलायचा, ते त्याला सुचेना.

तो अजून जऊळक्याला गेलेला नाही.