हजेरीपटावरचा सतरावा

सहा वर्षं परक्या मुलखात कायदा शिकून ती परतली, तेव्हा तिला वाटलं होतं की अन्याय म्हणजे काहीतरी अवाढव्य असेल. त्याला पोलादी दार असेल, दारावर पहारा असेल आणि आपण ते दार फोडू. प्रत्यक्षात तिला मिळालं सैनिकी अभिलेख दुरुस्ती मंडळाचं तळघर, एक डुगडुगणारी खुर्ची आणि एक फाईल. त्या फाईलवर कचेरीतले लोक डबा ठेवून जेवत. पुठ्ठ्यावर तेलाचे गोल डाग पडले होते, एकावर एक, एकतीस वर्षांचे.

फाईल राखीव दलातल्या एका शिपायाची होती. राखीव म्हणजे एरवी आपला धंदा करायचा आणि बोलावणं आलं की गणवेश चढवायचा. हा पेशानं शिंपी. एकतीस वर्षांपूर्वी दंगलीच्या दिवसांत त्याच्या तुकडीला नदीवरच्या पुलाच्या राखणीला पाठवलं. तीस दिवस पुरे करणाऱ्याला सेवापदक मिळायचं. शिंप्याच्या नावावर एकोणतीस होते. तिसाव्या दिवशीची नोंद होती, "पहाटेपासून गैरहजर. पळाला." एवढ्या तीन शब्दांनी पदक तर गेलंच, मरणही गेलं. पळालेला माणूस कागदावर मरत नाही.

त्याची बहीण दर सोमवारी यायची. कचेरीत तिचं नावच सोमवारबाई पडलं होतं.

"बसा ना, मावशी."

"बसायला नाही आले. एकतीस वर्षं बसूनच आहे. तू नवी का?"

"हो. दोन महिने झाले."

"नव्या सगळ्याच गोड असतात. वर्षभरात आंबतात."

पोरगी हसली, मग गंभीर झाली. "मी तुम्हाला पदक मिळवून देईन, मावशी. शब्द देते."

"पदकाला काय करू, दाराची कडी म्हणून लावू?" म्हातारीनं टेबलावर तळहात ठेवला. हात शिवणकामानं खरबरीत झालेला होता. "माझा भाऊ पळाला नाही, एवढं लिहून दे. आणि ज्यानं लिहिलं ना... त्याला सोडू नकोस."

शेवटचं वाक्य तिनं इतक्या हळू म्हटलं, की ते त्या खोलीत तसंच राहिलं.

पुढचे आठ दिवस पोरीनं तळघर पालथं घातलं. समोरच्या टेबलावरचे मोठे कारकून चष्म्यावरून बघत राहायचे. "बाई, तुम्ही या वेगानं काम केलंत तर आम्हाला निवृत्तीपर्यंत पुरायचं कसं?" स्वभावानं गमत्या माणूस. तरुणपणी तेही राखीव दलात होते, त्याच तुकडीत, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

नवव्या दिवशी तिला कोठाराची वही सापडली. कुणाला काय सामान दिलं याची. तिसाव्या दिवसाच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "दुपारी बारा. क्रमांक सतरा. दोर, चाळीस हात." परतीच्या रकान्यात सही नव्हती.

सतरा हा शिंप्याचा क्रमांक. पहाटे पळालेला माणूस दुपारी बाराला दोर घेऊन गेला होता. हजेरी बदलणाऱ्यांना कोठाराची वही आठवलीच नव्हती. ती दुसऱ्याच माणसाकडे असायची.

तिनं वही कारकुनांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मूळ हजेरीपट लागेल, काका. नियमच आहे. मूळ पान दोघांनी समोरासमोर बसून मोठ्यानं वाचायचं. एकानं क्रमांक पुकारायचा, दुसऱ्यानं 'नोंद आहे' म्हणायचं. मगच दुरुस्ती."

"पान मिळत नाही."

"एकतीस वर्षं तुम्हीच तसा शेरा मारताय. अक्षर तुमचं आहे."

 मग त्यांनी आपल्याच टेबलाचा खालचा खण ओढला, तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र उचललं आणि घडी घातलेलं पान काढलं.

"हरवलं नव्हतं तर."

"दोनदा जाळायला घेतलं," ते म्हणाले. "पेटत नाही, बाई. हात लावून बघा."

पान ओलं होतं.

दुपारचे तीन वाजले होते. वर वर्दळ होती, जिन्यावर पावलं वाजत होती, कुणीतरी खळखळून हसत होतं. तळघरात मात्र दिव्यांची घरघर तेवढी होती. ती वाचू लागली.

"क्रमांक एक."

"नोंद आहे." तो तेव्हाचा लेफ्टनंट. आता वरच्या मजल्यावर मंडळाच्या अध्यक्षांच्या खुर्चीत बसायचा.

"क्रमांक चार."

"...नोंद आहे. तो मीच."

तिनं मान वर केली, पण थांबली नाही. नऊ, दहा, अकरा. दिव्यांची घरघर बंद पडल्यासारखी वाटली, दिवे मात्र जळतच होते. कुठूनसा गाळाचा वास यायला लागला. पाणी ओसरल्यावर काठाला उरतो तसा. त्यात शिवणयंत्राच्या तेलाचा वास मिसळलेला.

"क्रमांक सतरा."

कारकुनांचे ओठ हलले. त्यांच्या तोंडून आवाज फुटला नाही.

"हजर," कपाटांच्या मागून कुणीतरी म्हणालं.

आवाज मोठा नव्हता. रोज हजेरी देणारा माणूस देतो तसा, सवयीचा. मागोमाग फरशीवर पाणी ठिबकू लागलं. एक थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा.

"काका... तिथं कोण आहे?"

"पुलाच्या खांबाला ओंडके अडकले होते," कारकून पानाकडेच बघत म्हणाले. "पाणी चढलेलं. सगळे म्हणाले, आज नको. लेफ्टनंट साहेबानं त्यालाच खाली सोडला. दोर वर आला तो रिकामा. चौकशी झाली असती तर साहेबाची नोकरी गेली असती. संध्याकाळी त्यानं सांगितलं आणि..."

"आणि तुम्ही लिहिलंत."

"मी एकवीस वर्षांचा होतो, बाई."

"तो किती वर्षांचा होता?"

 ठिबकणं आता अलीकडच्या कपाटापाशी आलं होतं.

तिनं पेनाचं टोपण काढलं. तिला संताप आला होता, आणि त्या संतापात एक गोडीही होती. ती तिला त्या क्षणी स्पष्ट जाणवली.

"लिहू नका," कारकून कुजबुजले. "पाया पडतो. तो शब्द तिथून काढलात तर... त्याला कुठंतरी जायला लागेल ना..."

तिच्या डोळ्यांसमोर तो खरबरीत तळहात आला. तिनं 'गैरहजर'वर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, 'हजर'.

शाई वाळायच्या आत रेघ मारलेला शब्द पुसट झाला, मग नाहीसा झाला. तिची नजर आपोआप वर सरकली. चौथ्या ओळीत, जुन्याच शाईत, जुन्याच वळणात लिहिलेलं होतं, "गैरहजर."

समोरची खुर्ची रिकामी होती. सरकल्याचा आवाज आला नव्हता. टेबलावर चष्मा होता, आणि त्याच्या काचांवर आतून वाफ धरली होती.

ती धापा टाकत वर गेली. जिन्याशी कचेरीचा शिपाई बसला होता.

"मोठे कारकून वर आले का?"

"कोण मोठे कारकून?" शिपायानं तिच्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "ती जागा एकतीस वर्षं रिकामी आहे, बाई. भरायचं कुणी मनावरच घेत नाही. घरी जा, तळघरात हवा कोंदट आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. पान टेबलावर तसंच होतं, अजून ओलं. सतराव्या ओळीत तिचं अक्षर ठाम उभं होतं. आता फक्त अध्यक्षांची सही हवी होती. सह्यांच्या गठ्ठ्यात पान सरकवलं की ते न वाचता सही करणार, महिन्याभरात म्हातारीच्या हातात पदक पडणार. कायद्यानं एवढंच सांगितलं होतं. सहा वर्षं ती हेच शिकली होती, की न्याय आणि सूड या दोन वेगळ्या खोल्या आहेत आणि मधलं दार बंद ठेवायचं असतं.

दुसरी वाटही नियमातच होती. सही करणाऱ्यानं मागितलं, किंवा आणणाऱ्यानं आग्रह धरला, तर हजेरी त्याच्यासमोर पुन्हा वाचता येते.

पहिल्या, अध्यक्षांच्या ओळीतली शाई फुगली होती. 'हजर'च्या आधीची जागा रात्रीतून रुंद झाली होती. दोन अक्षरं बसतील एवढी.

मग तिला पानाचा तळ दिसला. तुकडीत माणसं चौतीस. काल वाचायला घेण्याआधी तिनं स्वतः ओळी मोजल्या होत्या. आज खाली पस्तिसावी ओळ आखलेली होती. क्रमांक घातलेला, शाई ताजी, पुढचा रकाना कोरा.

आपल्यासाठी राखलेल्या त्या कोऱ्या रकान्याकडे ती बघत राहिली. वर मोटारीचं दार आपटलं. अध्यक्ष आले होते.

तिनं सह्यांचा गठ्ठा बाजूला सारला, पान दोन्ही हातांनी उचललं आणि जिना चढू लागली. ती वाचणार होती. मोठ्यानं, एकपासून, पस्तीसपर्यंत.