हृदयठसा

अकोल्याच्या नागरी आधार मंडळाच्या सात नंबर खिडकीवर प्रणिता तायडेंनी मनगट टेकवलं, आणि आतल्या यंत्राचा मधाळ आवाज म्हणाला, "नमस्कार निलेशराव ढोले! सेवासखी आपली काय सेवा करू शकते?"

ही चौदावी वेळ.

"अगं बाई, मी निलेशराव नाही! प्रणिता तायडे, वय एकोणसाठ, निवृत्त शिक्षिका. माझ्या गोळ्या सुरू करा. चारच उरल्यात."

"प्रणिता तायडे अकरा मार्चला दिवंगत झाल्या आहेत. मंडळ आपल्या दुःखात सहभागी आहे. आपण त्यांचे कोण?"

आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा! अकरा मार्चला प्रणिताताईंचं हृदय बदललं होतं. नव्या हृदयाला शरीरानं परकं समजून हाकलू नये म्हणून रोज एक गोळी घ्यायची, जन्मभर. पहिल्या सहा महिन्यांच्या गोळ्या रुग्णालयानं दिल्या होत्या, त्या संपत आल्या. पुढे मंडळ घरी औषधपेटी बसवणार होतं, ती काही बसली नाही. दुकानात ही गोळी मिळत नव्हती, ती फक्त मंडळच वाटायचं. आणि एक दिवस जरी चुकली, तरी हृदय बंद पडायला सुरुवात.

"मला माणसाशी बोलायचंय," त्या म्हणाल्या.

"अवश्य! आपल्या पुढे चारशे बारा नागरिक आहेत."

आजवर असं ऐकून त्या मुकाट घरी जायच्या. जन्मभर पोरांना रांगेची शिस्त शिकवलेली बाई! आज मात्र त्या खिडकीसमोर फरशीवर फतकल मारून बसल्या. "मरायचंच आहे तर इथंच मरते. नोंद तर तुम्ही आधीच करून ठेवलीय!" एवढं ओरडल्यावर कुठे आतलं दार उघडलं.

बाहेर आले ते शार्दूल बोचरे, मंडळाचे मुख्य अभियंता. त्यांनी ताईंना खोलीत नेलं, पाणी दिलं, आणि पडद्यावरची नोंद पाहून डोक्याला हात लावला.

"बाई, खिडकीवर तुम्ही मनगट ठेवता ना, तो नाडीवाचक. तो हृदयठसा घेतो. प्रत्येक हृदयाच्या ठोक्याची ठेवण वेगळी, आपल्या अक्षरासारखी. अंगठे झिजतात, चेहरे बदलतात, हा बदलत नाही. मेलेल्यांचे हयातीचे दाखले आणून लोक वर्षानुवर्षं पेन्शन खायचे, म्हणून आम्ही सगळे कागदच बंद केले. आता नियम एकच. हृदय सांगेल ते खरं."

"मग माझं हृदय काय सांगतं?"

"तुमचं त्या दिवशी थांबलं, म्हणजे यंत्राच्या लेखी तुम्ही वारलात. आणि जे चालू आहे ते..."

"निलेश ढोलेंचं," ताईंनी वाक्य पुरं केलं. रुग्णालयानं दात्याचं नाव गुप्त ठेवलं होतं. खिडकीनं ते चौदा वेळा सांगितलं होतं.

"हातानं दुरुस्त करा ना, साहेब!" त्या विनवू लागल्या.

बोचऱ्यांनी मान खाली घातली. "कुणालाही हातानं दुरुस्त करता येऊ नये, म्हणूनच तर मी हे बनवलं. माणूस विकत घेता येतो, हृदय नाही. फार कौतुक झालं होतं तेव्हा माझं."

"मला काय करायचंय तुमच्या कौतुकाशी?" ताईंना रडू फुटलं. "चार दिवस राहिलेत हो माझे!"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. पन्नाशीची बाई, ठेवणीतली साडी, केसांत गजरा. "निलेश ढोले कुठं हाय?"

ती मयूरी ढोले, निलेशची बायको. "माही विधवा पेन्शन बंद झाली. काहून म्हणून विचारलं, तर खिडकी म्हणते तुमचे पती हयात आहेत, दर सोमवारी कार्यालयात येतात." तिनं खोलीभर नजर फिरवली. "त्याची राख मी माह्या हातानं सावडली, साहेब. तरी आज गजरा माळून आले. येडीच हाय मी."

बोचऱ्यांनी पुन्हा पडदा पाहिला. हृदय काढल्यावर तीन तास थांबलं होतं, तेव्हा निलेशच्या मृत्यूची नोंद झाली. पण ठसा पुढे बारा वेळा जुळला, की यंत्र मृत्यूची नोंदच चुकीची धरतं. म्हणजे स्वतःला जिवंत ठरवायला प्रणिताताई जितक्यांदा आल्या, तितक्यांदा त्यांनी निलेशला उठवून बसवलं होतं.

"देवा रे!" ताई पुटपुटल्या. मग त्यांनी छातीवर हात ठेवला. "बाई, तुमचे निलेश इथं आहेत. तुमच्या ताटातला घास मी काढला, मला माहीत नव्हतं."

मयूरी मटकन खुर्चीत बसली.

"दोनच वाटा आहेत," बोचरे म्हणाले. "हे हृदय नव्वद दिवस कुठल्याच खिडकीवर आलं नाही, तर निलेशराव पुन्हा मृत, आणि यांची पेन्शन सुरू."

"नव्वद कशाला? मला चार पुरतील," ताई म्हणाल्या.

"नाहीतर निलेशरावांच्या नावानं अर्ज. त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाल्याची नोंद आहे, औषध आजच मंजूर होईल. पण पत्नीची संमती लागते. आणि निलेशराव नोंदीत जिवंत असेतो यांना पेन्शन नाही."

"नको. मुळीच देऊ नका संमती," ताई उठत म्हणाल्या.

मयूरीनं गजरा काढून मांडीवर ठेवला, परत माळला. मग पुढे होऊन टेबलावरच्या नाडीवाचकावर मनगट टेकवलं.

"शिलाई येते मले. भागवीन मी. लिवा साहेब, माहा नवरा जिता हाय."

"अभिनंदन निलेशराव!" बोचऱ्यांनी अर्ज पाठवताच सेवासखी पडद्यातून चिवचिवली. "औषधपेटी आज दुपारी आपल्या नोंदणीकृत घरी, जुने शहर येथे बसेल. रोज संध्याकाळी साडेसहाला आपला हृदयठसा घेऊन ती एकच गोळी देईल. कृपया घरी असावे."

दोघींनी बोचऱ्यांकडे पाहिलं.

"पती-पत्नीचा पत्ता एकच धरतात," ते ओशाळून म्हणाले. "बदलायचा तर घटस्फोट लागतो."

"म्हणजे मी रोज संध्याकाळी यांच्या घरी..."

"या," मयूरीनं पदरानं डोळे पुसले. "पण साडेसहा म्हंजे साडेसहा. उभ्या जन्मात हा मानूस एक दिस टायमावर घरी आला नाही."