टाकीतून येणारं उत्तर

यात माझ्या पदरचा एक शब्द नाही. अवधूत माझा सख्खा मावसभाऊ, कोरेगावचा. केमिकल इंजिनियर. हे सगळं त्याच्या तोंडून ऐकलंय, तेही चार वेळा उलटसुलट विचारून.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. गेल्या वैशाखातली रणरणती दुपार होती. मिरजेच्या पुढं, काळं तेल साफ करणारा एक खासगी प्लँट.

अवधूत तिथं पार वैतागला होता. आखातात मोठ्या रिफायनरीत नाव काढलेला माणूस! आईनं अंथरूण धरलं म्हणून परत आला आणि या उकिरड्यावर येऊन पडला. काहीही मागितलं की मालक वीरधवलरावांचं उत्तर ठरलेलं.

"इंजिनियरसाहेब, ही दुबई न्हाई."

त्या दिवशी टाकीच्या तळाचा गाळ काढायचा होता. अवधूतनं हवेचा पंखा मागितला, मास्क मागितला.

"टाकी आजच मोकळी पायजे. जमत नसंल तर कोरेगावची एसटी हाय की!"

अवधूतच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आई आठवली. कामाला लागला.

अजीम आत उतरणार होता. तीन पोरींचा बाप. कमरेला दोरी, हातात पितळी पाना, कारण लोखंडाची ठिणगी उडते. आत फोन चालत नाही, म्हणून खूण ठरलेली. बाहेरून अवधूतनं पत्र्यावर ठोकायचं, आतून अजीमनं पान्यानं ठोकायचं. उत्तर आलं म्हणजे माणूस शुद्धीवर आहे. नाही आलं, तर दोरी ओढायची.

मीटरनं टाकीच्या तोंडाशी गॅस तपासला. ठीक होता. सडक्या अंड्यांचा वास तेवढा येत होता.

"जातो साहेब. लय वेळ न्हाई लागायचा."

टक्.

...टक्.

थोडं थांबून पुन्हा.

टक्.

...टक्.

तेवढ्यात मालक येऊन डोक्यावर बसला. अवधूत एकीकडं ठोकत होता, एकीकडं बोलणी खात होता. उत्तरं येत होती. उलट आता लगोलग यायला लागली...

"बगा, कसा झपाट्यानं करतोय! तुमीच उगा भेता."

आणि अवधूतच्या लक्षात आलं...

वास येत नव्हता.

हा गॅस ओळखणारी माणसं वासाला भीत नाहीत. वास थांबला की भितात. गॅस वाढला की आधी नाकच मरतं.

त्यानं ठोकायला हात उचलला. हात अजून पत्र्याला लागलाही नव्हता...

टक्.

आतून.

"ओढा रं! दोरी ओढा!"

अजीम वर आला तो भिजल्या पोत्यासारखा. ओठ निळे. हात रिकामे. सगळे मिळून त्याला लांब झाडाखाली नेत होते, तेव्हा मागून...

टक्.

मालकानंही ऐकलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, अवधूतनं डोळ्यांनी बघितलाय!

अजीम वाचला, देवाची कृपा. डॉक्टर म्हणाले, उतरल्या उतरल्याच शुद्ध गेली असणार. चौकशीत मालकानं सरळ हात वर केले. म्हणे, इंजिनियर ठोकतच नव्हता. अवधूतला काढून टाकलं. आता जाईल त्या मुलाखतीत एकच प्रश्न, दोरी आधी का ओढली नाही? 'उत्तर येत होतं' म्हटलं की समोरचे एकमेकांकडं बघून हसतात. सांगायचं तरी कुणाला?

अजीम मात्र हसत नाही.

"साहेब, मी पडलो तवा पाना हातातच व्हता. कुणीतरी काढून घेतला. एकेक बोट उलगडून..."

काल तिथल्या नव्या इंजिनियरचा, निमिषचा, फोन आला. पोरगा खुशीत होता.

"सर, तुमची ठोकायची पद्धत झकास आहे. उद्या माणूस उतरवतोय. आज रिकाम्या टाकीवर ठोकून बघितलं. उत्तर एकदम स्पष्ट येतं!"

अवधूत ओरडला, "उतरवू नका!" पलीकडून फोन ठेवला गेला. नंतर कुणी उचललाच नाही.

आज सकाळपासून तो प्लँटच्या गेटवर उभा आहे. वॉचमन त्याला आत सोडत नाही.